काही त्रास नसताना रोज घ्यायची गोळी : एएफ, स्ट्रोक आणि रक्त पातळ करणारी औषधं

हल्ली मनगटावरची घड्याळं नाडी मोजतात आणि तिच्यात गडबड दिसली की तसा इशाराही देतात. मुलीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ घालून तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या काकांना एक दिवस त्यावर 'ठोके अनियमित, एएफची शक्यता' असं दिसतं. एएफ म्हणजे हृदयाचा ताल बिघडवणारा आजार. ईसीजी काढला जातो, निदान पक्कं होतं, आणि डॉक्टर चिठ्ठीवर रक्त पातळ करणारी, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारी, एक गोळी लिहितात. ती बहुधा आयुष्यभर घ्यायची असते. काकांना दम लागत नसतो, छातीत दुखत नसतं, जिना चढताना काही वाटत नसतं. मग ही गोळी कशासाठी?

ठाण्याला नौपाड्यात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी हा प्रश्न सतत ऐकते. मी फार्मासिस्ट आहे. कोणाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टर ठरवतात. पण दिलेली गोळी लोक का सोडतात, अर्धी का करतात, महिन्याची चिठ्ठी हातात असताना "सध्या पाचच द्या" असं का म्हणतात, हे मला रोज दिसतं. बीपीची गोळी चुकली तर मशीनवर आकडा वाढलेला दिसतो, शुगरची चुकली तर रिपोर्टमध्ये कळतं. ही गोळी चुकली तर काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

## वरचे कप्पे थरथरतात तेव्हा

हृदयाचे चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करून खालच्या दोघांत ढकलतात. खालचे दोन ते फुप्फुसांकडे आणि शरीरभर पाठवतात. हे सगळं विजेच्या एका इशाऱ्यावर, तालात चालतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात एएफ म्हणतात त्यात, वरच्या कप्प्यांत एका इशाऱ्याऐवजी मिनिटाला शेकडो विस्कळीत इशारे उठतात. कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. त्यातले काही इशारे खाली पोचतात, काही नाही, म्हणून नाडी हाताला बेताल लागते.

काहींना धडधड होते, थकवा येतो, चक्कर येते. पण कित्येकांना काहीच जाणवत नाही, कारण वरचे कप्पे नीट ढकलत नसले तरी बरंचसं रक्त आपसूक खाली उतरतं आणि खालचे कप्पे आपलं काम करत राहतात. वय, वाढलेलं बीपी, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा बिघाड, झडपांचे आजार, झोपेत श्वास अडकणं, दारू, अशी याची अनेक कारणं आहेत. घड्याळाचा इशारा म्हणजे निदान नव्हे. ते ईसीजीवर दिसावं लागतं. एएफ येऊन-जाऊन असेल तर चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावावा लागतो.

## गुठळी होते कुठे, जाते कुठे

डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी जोडलेली असते. एरवी प्रत्येक ठोक्याला तीही आकुंचन पावते आणि तिच्यातलं रक्त बाहेर पडतं. एएफमध्ये तिथलं रक्त रेंगाळतं.

दही लावताना आपण विरजण घातलेलं दूध ओट्याच्या एका कोपऱ्यात निवांत ठेवतो, कारण सारखं हलवलं तर ते नीट लागत नाही. रक्ताचंही तसंच आहे. गोठण्याची द्रव्यं त्यात कायमच असतात, पण ते वाहतं राहिलं तोवर गोठत नाही. एका जागी साचलं की गुठळी धरायला लागते. झडपा चांगल्या असलेल्या एएफच्या रुग्णांमध्ये डाव्या वरच्या कप्प्यात ज्या गुठळ्या सापडतात, त्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत असतात.

ही गुठळी सुटली तर खालच्या डाव्या कप्प्यात येते, तिथून महाधमनीत आणि मग मानेतल्या रक्तवाहिन्यांतून थेट मेंदूत. जिथे अडकते तिथून पुढचा रक्तपुरवठा बंद. आपण ज्याला पॅरालिसिसचा झटका म्हणतो तो हाच, ब्रेन स्ट्रोक. हृदयात तयार झालेली गुठळी आकाराने मोठी असू शकते, त्यामुळे ती मोठी रक्तवाहिनी अडवते. म्हणूनच एएफमुळे होणारे स्ट्रोक इतरांपेक्षा जास्त गंभीर असतात: माणूस अंथरुणाला खिळण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण त्यांत जास्त. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या चाललेल्या अभ्यासातून १९९१ मध्ये हिशेब मांडला गेला तो असा, की एएफ असलेल्या माणसाला स्ट्रोकचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

## प्रत्येकाला गोळी लागते का?

नाही. त्यासाठी डॉक्टर गुणांचा एक तक्ता वापरतात, त्याला चॅड्स-वॅस्क म्हणतात. हार्ट फेल्युअर असेल तर १ गुण, बीपीला १, मधुमेहाला १, आधी हार्ट अटॅक आला असेल किंवा पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर १. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा पुढे असेल तर २. आणि आधी स्ट्रोक किंवा काही वेळात ओसरलेला छोटा झटका येऊन गेला असेल तर २. पूर्वी बाई असण्याचाही १ गुण धरत. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला. बेरीज २ किंवा जास्त आली तर गोळी सुरू करावी, १ असेल तर विचार करावा, आणि शून्य असेल तर सहसा लागत नाही, असं साधारण सूत्र आहे.

समजा ७६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गुण झाले ४. अशा शंभर जणांना वर्षभर गोळीशिवाय ठेवलं, तर साधारण ४ ते ५ जणांना स्ट्रोक येतो. गोळी नीट घेतली तर त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश टळतात. हा एका वर्षाचा हिशेब झाला. धोका दरवर्षी तितकाच नव्याने उभा राहतो, आणि वयाबरोबर वाढतो.

या तक्त्यात धडधड होते का, त्रास जाणवतो का, हा प्रश्नच नाही, हे मुद्दाम पाहा. तुम्हाला बरं वाटतं की नाही याचा गुठळी होण्याशी संबंध नाही. मात्र पेसमेकरच्या किंवा घड्याळाच्या नोंदीत काही मिनिटांपुरताच दिसलेला एएफ ही वेगळी बाब आहे. तिथे गोळीचा फायदा कमी असतो, आणि निर्णय माणूस पाहून घ्यावा लागतो.

## "नेटवर वाचलं, हे उंदराचं औषध आहे"

हे वाचून दुकानात परत आलेल्या स्ट्रिप मी पाहिल्या आहेत. गोष्ट खरी आहे, पण अर्धी.

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी भागात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा हे त्याचं कारण निघालं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं केलं. पुढे त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आलं. उंदराला मारते ती मात्रा. माणसाला रक्त तपासून, मोजून दिलं की तेच औषध स्ट्रोक टाळतं.

रक्त 'पातळ' होतं म्हणजे ते पाण्यासारखं होतं, अशीही एक भीती असते. तसं काही होत नाही. रक्ताचा दाटपणा तोच राहतो, विरजण लागायला उशीर होतो, इतकंच.

## जुनी गोळी, नवी गोळी

वॉर्फरिन आणि आपल्याकडे भरपूर चालणारं असेनोकुमारोल या जुन्या गोळ्या. त्या 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतात. त्यांचा परिणाम आहाराने, इतर औषधांनी, आजारपणाने बदलतो, म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी वरचेवर करून आकडा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. २ च्या खाली गेला तर संरक्षण कमी, ३ च्या फार वर गेला तर रक्तस्रावाची भीती.

नव्या गोळ्या चार: डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन आणि एडोक्साबॅन. २००९ ते २०१३ या काळात त्यांचे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांना आयएनआर लागत नाही, आणि त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे मेंदूतला रक्तस्राव वॉर्फरिनच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून बहुतेकांना आता याच लिहून दिल्या जातात.

पण सगळ्यांना नाही. कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल तर जुनीच गोळी लागते. लहानपणीच्या रुमॅटिक तापामुळे डाव्या दोन कप्प्यांमधली झडप (मायट्रल) अरुंद झालेली असेल तरीही जुनीच. असे रुग्ण आपल्याकडे अजून बरेच आहेत. नवी गोळी त्यांनाही चालेल असं अनेकांना वाटत होतं. २०२२ मध्ये रुमॅटिक हृदयरोग्यांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा जुन्या प्रकारची गोळी घेणारे जास्त जगले. त्यामुळे शेजारच्या काकूंना तपासणी लागत नाही, मग मलाच का, असं वाटलं तर आधी तुमच्या झडपांचा टूडी-इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट डॉक्टरांसोबत पाहा.

पेटंट संपल्यावर रिव्हरॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन अनेक भारतीय कंपन्या बनवू लागल्या आणि किंमत बरीच उतरली. पैशासाठी गोळी सोडायची वेळ आली असेल तर तसं डॉक्टरांना किंवा आम्हाला मोकळेपणाने सांगा. त्याच औषधाची स्वस्त कंपनी मिळू शकते. लोक याच गोष्टीला लाजतात आणि मुकाट्याने एक दिवसाआड घेतात.

## अर्धी गोळी, एक दिवसाआड गोळी

यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमच्या काउंटरवर होणारी सगळ्यात मोठी चूक हीच.

"बाबांचं वय झालंय, पाचची नको, अडीचची द्या" असं मुलं सहज म्हणतात. अपिक्साबॅनची कमी मात्रा कोणाला द्यायची याचा नियम ठरलेला आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त, या तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी असतील तर दिवसातून दोनदा अडीच मिलिग्रॅम. एरवी दोनदा पाच. नुसतं वय ८२ आहे, पण वजन ७० आणि किडनी ठीक, तर मात्रा पूर्णच. काळजीपोटी निम्मी केली तर स्ट्रोकपासूनचं संरक्षण कमी होतं. किडनी बिघडलेली असेल तर इतर गोळ्यांचीही मात्रा बदलते. म्हणून वर्षातून निदान एकदा, आणि वय जास्त असेल तर सहा महिन्यांनी, क्रिएटिनिन तपासायला हवं.

नव्या गोळ्यांचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो. दोन दिवस चुकवली की रक्त पूर्ववत गोठायला लागलेलं असतं. गावाला जाताना स्ट्रिप घरी राहणं म्हणजे ते दिवस उघड्यावर काढणं. एखादी वेळ चुकलीच, तर दोनदा घ्यायची गोळी सहा तासांच्या आत आणि एकदाच घ्यायची बारा तासांच्या आत आठवली तर घ्या, नाहीतर पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम मात्र घेऊ नका.

रिव्हरॉक्साबॅन पोटभर जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. संकष्टीला किंवा एकादशीला गोळीही उपाशीपोटी घेतली जाते, किंवा राहूनच जाते. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर, जे काही फराळाचं खाल त्याबरोबर घ्या. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पावडर घेऊ नका, आणि ती गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत काढून ठेवू नका. ओलाव्याने खराब होते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर नाहीच.

## "अ‍ॅस्पिरिन घेतोच की"

हा फार पसरलेला गैरसमज. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटवर काम करतं आणि हार्ट अटॅकमध्ये त्याचा उपयोग होतो. साचलेल्या रक्तात धरणाऱ्या गुठळीपुढे ते तोकडं पडतं. वॉर्फरिनने एएफमधले सुमारे ६४ टक्के स्ट्रोक टळतात, अ‍ॅस्पिरिनने जेमतेम २० टक्के.

"पण ते सुरक्षित तरी आहे ना?" तेही नाही. ज्यांना वॉर्फरिन झेपत नव्हतं अशा ५,५९९ एएफ रुग्णांमध्ये अपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिनची तुलना करणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला ३.७ टक्के जणांना स्ट्रोक किंवा तशीच दुसरीकडे गुठळी झाली, अपिक्साबॅनवर १.६ टक्के. आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं होतं. म्हणजे संरक्षण निम्म्याहून कमी आणि धोका तेवढाच. स्टेंट बसवला असेल तर काही काळ दोन्ही लागू शकतात, पण किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञच सांगतील.

## "रक्त थांबलंच नाही तर?"

ही भीती खोटी नाही. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. २०११ च्याच, १८,२०१ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात वॉर्फरिन घेणाऱ्या शंभरांपैकी वर्षाला सुमारे ३ जणांना आणि अपिक्साबॅन घेणाऱ्यांपैकी २ जणांना मोठा रक्तस्राव झाला. त्यातला बराचसा पोटातला असतो आणि उपचारांनी थांबतो. स्ट्रोकने मेलेला मेंदूचा भाग परत येत नाही. तराजूची दोन पारडी सारखी नाहीत ती याच कारणाने.

हिरडीतून थोडं रक्त आलं, दंडावर काळानिळा डाग पडला, तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. मात्र डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, उलटीत रक्त, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर वरून बरं वाटत असलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात ताप येऊन डेंग्यू निघाला तर पहिल्याच दिवशी सांगा की ही गोळी चालू आहे. प्लेटलेट फार उतरले तर डॉक्टर ती काही दिवस थांबवायला सांगू शकतात.

"आई बाथरूममध्ये पडली तर?" हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, आणि काही वेळा याच भीतीने गोळी सुरूच होत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये याचा हिशेब मांडला. पडून मेंदूत रक्तस्राव होण्याच्या भीतीने वॉर्फरिनचा फायदा पुसला जायचा असेल, तर सर्वसाधारण रुग्णाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. तो कागदावरचा अंदाज आहे, प्रत्येक माणसाला जसाच्या तसा लागू करू नये. पण बाथरूममध्ये दांडी आणि न घसरणारी जाळी बसवणं, रात्रीचा दिवा लावणं, बीपी आणि झोपेच्या गोळ्या तपासून घेणं, हे उपाय आधी करायचे. स्ट्रोकपासून वाचवणारी गोळी काढून घेणं हा पडण्यावरचा उपाय नाही.

## "आता ठोके नीट पडताहेत"

औषधाने किंवा अ‍ॅब्लेशनने (नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करण्याच्या उपचाराने) ताल परत आला, की लोकांना वाटतं आजार गेला. २००२ मधल्या अफर्म या मोठ्या अभ्यासात ताल जागेवर आणायचे उपचार घेणारेही होते. त्यात आलेले बरेचसे स्ट्रोक वॉर्फरिन बंद केलेल्यांना किंवा आयएनआर २ च्या खाली असलेल्यांना आले. एएफ न जाणवता परत येतो. म्हणून ताल सुधारल्यावर गोळी चालू ठेवायची की नाही हे पुन्हा त्या गुणांवरून, डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

## घरात लक्षात ठेवण्यासारखं

गुडघे दुखतात म्हणून लोक आमच्याकडे चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक मागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल, आणि तेही रोज लागायला लागलं तर डॉक्टरांना विचारून. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल यांनी वॉर्फरिनचा परिणाम वाढतो. टीबीचं रिफाम्पिसिन जुन्या-नव्या दोन्ही गोळ्यांचा परिणाम घटवतं. कोणतंही नवं औषध घेताना, काढे आणि लसणाच्या कॅप्सूलसुद्धा, आधी सांगा.

पालेभाज्या बंद करायची गरज नाही. नव्या गोळ्यांना त्यांचा फरक पडत नाही. वॉर्फरिन किंवा असेनोकुमारोल घेणाऱ्यांनी मेथी, पालक, अळू रोजच्या आहारात साधारण सारख्या प्रमाणात ठेवावं; एक महिना अजिबात नाही आणि पुढचा महिना रोज, असं नको.

दात काढायचा आहे किंवा मोतीबिंदू करायचा आहे म्हणून आठ दिवस आधीपासून आपल्या मनाने गोळी बंद करणारे बरेच भेटतात. अशा छोट्या कामांना ती सहसा बंद करावी लागत नाही, फार तर एखादी वेळ टाळावी लागते. मोठ्या ऑपरेशनला थांबवावी लागते, पण किती तास आधी आणि पुन्हा कधी सुरू, हे लेखी घ्या.

## तरीही स्ट्रोक आला तर

गोळीने धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. तोंड वाकडं, हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यांपैकी काहीही दिसलं की घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलात तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो, म्हणून चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं आणि स्ट्रोकवर उपचार करणारं तुमच्या घराजवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून ठेवा.

तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटची गोळी नक्की किती वाजता घेतली ती वेळ. ते इंजेक्शन देता येईल की नाही, की तारेने गुठळी ओढून काढायची, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. रुग्णाला त्या वेळी बोलता येत नसतं. म्हणून गोळीचं नाव आणि वेळ घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठ हवी, आणि चिठ्ठीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये हवा.